तिशीनंतर शुश्रूषाविद्या

विद्यार्जनाचा काळ म्हणजे बाल्य आणि तारुण्याचा पूर्वार्ध, ही समजूत आपल्या समाजांत फार खोल रुजलेली आहे. तिशी उलटलेल्या मनुष्यानें पुनः वही-पुस्तक हातीं घेतलें म्हणजे शेजारीपाजारीं प्रथम कौतुक, मग कुजबूज आणि शेवटीं उपदेश, असा क्रम ठरलेलाच असतो. त्यांतही तें माणूस दोन मुलांची आई असून शिकावयाची विद्या रुग्णशुश्रूषेची असली, तर उपदेश करणारांची संख्या दुप्पट होते. "आतां, या वयांत?" आणि "तें काम आपल्या घरच्या बाईनें करावयाचें?" असे दोन प्रश्न एका दमांत विचारले जातात. वस्तुतः हे प्रश्न भिन्न आहेत आणि त्यांचीं उत्तरेंही स्वतंत्रपणें शोधलीं पाहिजेत. प्रस्तुत लेखकाची हयात शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें कोणत्याही विषयांत शिरण्यापूर्वीं शब्दाचें मूळ पाहण्याची त्याला खोड आहे. तेव्हां प्रारंभ तेथूनच करतों.

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणें या धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचें ऐकावें असें ज्याला मनापासून वाटतें, तो गुरूची सेवा करणारच. म्हणून त्या शब्दाला सेवा हा अर्थ आला, आणि व्यवहारांत तो विशेषतः रोग्याच्या सेवेला लावूं लागले. 'परिचर्या' म्हणजे भोंवतीं वावरणें. हे दोन शब्द एकत्र ठेविले कीं या विद्येचें निम्में वर्णन झालें: रोग्याच्या भोंवतीं सावधपणें वावरावें आणि तो बोलतो तें, तसेंच बोलत नाहीं तेंही, ऐकण्याची इच्छा धरावी. ही इच्छा विसाव्या वर्षीं असते आणि तिसाव्या वर्षीं आटते, असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, याप्रमाणें सोळा गुण एकत्र आले म्हणजे चिकित्सा सिद्धीस जाते, असें तेथील प्रतिपादन आहे. वैद्याला त्यांत प्रमुख मानलें असलें तरी परिचारकाला स्वतंत्र पादाचा मान दिलेला आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परिचारकाचे चार गुण असे: उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच. या यादींत वयाचा उल्लेख नाहीं. ज्या स्त्रीनें दहा-बारा वर्षें मुलांचे ताप, बाळंतिणीची खोली आणि वडील माणसांचीं दुखणीं सांभाळलीं, तिच्याजवळ अनुराग आणि शौच हे दोन गुण नवख्या मुलीपेक्षां कमी असण्याचें कारण नाहीं. किंबहुना ते मुरलेलेच असावयाचे.

परंतु येथें एक सावधगिरी ठेविली पाहिजे. पहिले दोन गुण घरांत आपोआप येत नाहींत. मायेनें रोग्याच्या उशाशीं रात्रभर बसणें निराळें आणि त्याच्या नाडीचा वेग, श्वासाची संख्या व त्वचेचा रंग यांतील बदल ओळखून वेळेवर डॉक्टरांस बोलावणें निराळें. उपचारज्ञता ही शिकावीच लागते, आणि ती शिकविण्यासाठीं शाळा लागते. "आमच्या घरच्या बायकांना सेवा काय शिकवायची?" असें म्हणणारे गृहस्थ नेमकें हेंच विसरतात.

दुसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे प्रतिष्ठेच्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत मिळतें. हा संकोच केवळ आपल्याकडचा नव्हे. फ्लोरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १२ मे १८२० रोजीं एका श्रीमंत इंग्रज घराण्यांत झाला. रुग्णालयांतील परिचारिकांची त्या काळीं इंग्लंडांत इतकी दुष्कीर्ति होती कीं, १८४५ सालीं तिनें सॅलिसबरी येथील रुग्णालयांत हें काम शिकण्याची परवानगी मागतांच घरांत हाहाकार उडाला. ती परवानगी मिळाली नाहीं. पुढें ऱ्हाइन नदीकांठच्या कैसर्सव्हर्ट येथील संस्थेंत तिनें सुमारें तीन महिने शिक्षण घेतलें, तें १८५१ सालीं. तेव्हां तिला एकतीस वर्षें पूर्ण झालीं होतीं. त्यासाठीं तिची आई आणि बहीण कार्ल्सबाडला हवापाण्यासाठीं गेल्याचें निमित्त साधावें लागलें, आणि तिच्या शिक्षणाचा बोभाटा होऊं नये म्हणून घरच्यांनीं काळजी घेतली. ऑक्टोबर १८५४ मध्यें अडतीस परिचारिका घेऊन ती क्रिमियाच्या युद्धांतील सैनिकांकरितां स्कुटारीला निघाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र तेथील मृत्युसंख्या खरी उतरली ती १८५५ च्या वसंतांत स्वच्छता-समितीनें गटारें व हवेचे मार्ग साफ केल्यावर. आणि हें नंतर आंकडे मांडून स्वतः नाइटिंगेलबाईंनींच ओळखलें. भावनेला गणिताची जोड देणारी ही बाई होती. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत तिच्या नांवानें शाळा निघाली. त्या शाळेंत उमेदवार स्त्रीचें वय पंचवीस ते पस्तीस असणें इष्ट मानीत असत. म्हणजे ज्या वयाला आपण 'आतां कसचें शिक्षण' म्हणतों, तें वय या विद्येच्या पहिल्या नामांकित शाळेला प्रवेशास योग्य वाटत होतें.

अमेरिकेंतील दोन उदाहरणें याहून बोलकीं आहेत. मेरी एलायझा महोनी ही निग्रो स्त्री १८४५ सालीं बोस्टन परिसरांत जन्मली. त्या शहरांतील स्त्रिया व मुलें यांच्या 'न्यू इंग्लंड' रुग्णालयांत तिनें सुमारें पंधरा वर्षें स्वयंपाकीण, धोबीण आणि झाडलोट करणारी म्हणून काम केलें. त्याच रुग्णालयाच्या परिचारिका-शाळेंत १८७८ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलें. अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा होता आणि कष्ट कमालीचे होते. तिच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या चाळिसांवर स्त्रियांपैकीं अवघ्या चौघी शेवटास पोंचल्या, असें सांगतात. त्या चौघींत ही एक होती. १८७९ सालीं ती उत्तीर्ण झाली आणि आपल्या वंशांतील पहिली प्रशिक्षित परिचारिका म्हणून तिचें नांव राहिलें. जिनें तेथल्या चादरी धुतल्या, तीच त्याच इमारतींत रोग्याची नाडी पाहूं लागली. यांत उशीर झाला म्हणावें कीं तयारी झाली म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरें उदाहरण मेरी ॲडिलेड नटिंग हिचें. कॅनडांत १८५८ सालीं जन्मलेली ही बाई संगीत शिकवीत असे. आईच्या शेवटच्या आजारांत तिची सेवा करण्याचा प्रसंग तिच्यावर आला. १८८९ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानें परिचारिकांची शाळा काढली, तेव्हां तिच्या पहिल्याच वर्गांत ती दाखल झाली. वय तिशीच्या घरांत. १८९१ सालीं ती उत्तीर्ण झाली, तीन वर्षांत त्या शाळेची मुख्य झाली आणि तिनें अभ्यासक्रम तीन वर्षांचा करून विद्यार्थिनींच्या कामाचे तास आठांवर आणले. १९०७ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ती परिचर्येची प्राध्यापिका झाली. हें पद जगांत प्रथम तिलाच मिळालें.

आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर पुण्याच्या सेवासदनाचें स्मरण केल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं ही संस्था उभी केली. ज्या घरांत विधवेनें स्वयंपाकघर आणि देवघर यांपलीकडे पाऊल टाकणें हाच अपराध मानला जाई, त्या घरांतील स्त्रियांना त्यांनीं ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास धाडलें. परपुरुषाच्या देहाला स्पर्श, रात्रीं घराबाहेर राहणें, रक्त व मलमूत्र यांचा विटाळ: आक्षेपांची यादी मोठी होती. त्या स्त्रियांपैकीं पुष्कळजणी वयानें वाढलेल्या, कांहीं लेकुरवाळ्या. त्यांना अक्षरओळखीपासून प्रारंभ करावा लागे. तरीही त्या शिकल्या, आणि ज्यांनीं नाकें मुरडलीं त्यांच्याच घरीं बाळंतपणाला त्यांना बोलावणीं येऊं लागलीं. प्रतिष्ठा ही आधीं मिळत नसते. काम करणारीच्या मागून ती चालत येते.

आतां एका घरची अलीकडची हकीकत सांगतों. आमच्या आळींतीलच घर असल्यामुळें ती मला जवळून ठाऊक आहे. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. घर एकत्र कुटुंबाचें: आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडें. थोरली सून बालवाडींत शिकवीत असे. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या चौदा महिने अंथरुणाला खिळून राहिल्या. सुनेनें सेवेंत कांहीं उणें पडूं दिलें नाहीं; तरी सासूबाईंच्या पाठीला जखम झाली व ती चिघळली. अखेर एक शिकलेल्या परिचारिका रोज तासभर येऊं लागल्या. त्यांनीं पहिल्याच दिवशीं दर दोन तासांनीं कूस कशी बदलावी, गुडघ्यांच्या मध्यें उशी कोठें ठेवावी, चादरीची घडी पाठीखालीं कशी राहूं देऊं नये, कातडी लाल दिसतांच काय करावें, हें सर्व समजावून दिलें. जखम भरत आली होती. पण दुखणें पुढें गेलेलें होतें, आणि सासूबाई गेल्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुनेनें सांगितलें कीं, मला तीन वर्षांचा परिचारिकेचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. तिला तेहतिसावें वर्ष चालू होतें. आजोबा माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, पोर वाईट बोलत नाहीं. पण मुलांचें काय? रात्रपाळीचें काय? आणि कुणाकुणाचें करून ती घरांत येणार, देवाचें सोंवळें कसें राहणार?" मी म्हटलें, "हें तुम्हीं तिलाच विचारा. माझ्याजवळ विचारून काय उपयोग?" त्यांनीं त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांदेखत विचारलें. सुनेनें मान खालीं घालूनच उत्तर दिलें, "मामंजी, सासूबाईंची जखम मी रोज पुसत होतें. ती होऊंच नये म्हणून काय करावयाचें, हें मला कोणीं आधीं शिकविलें असतें, तर पुसण्याची वेळ आली नसती." त्यावर घरांत कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आजोबांनींच प्रवेशाचा अर्ज भरण्यास थोरल्या मुलाला सांगितलें.

पुढचीं तीन वर्षें सोपीं गेलीं, असें मी म्हणणार नाहीं. वर्गांतील मुली सतरा-अठरा वर्षांच्या. ही त्यांच्यांत मावशीसारखी दिसे. ज्या बाईनें पंधरा वर्षें घरच्या गाद्या घातल्या, तिला पंचविशींतल्या सिस्टरनें चादरीचे कोपरे पुनः पुनः उलगडून घालावयास लावले. औषधाचें प्रमाण काढण्याचें गणित तिला जड जाई; मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांचीं उदाहरणें ती आपल्या सातवींतल्या मुलाबरोबर बसून सोडवी. रात्रपाळी करून आली कीं तिला दिवसा झोप पाहिजे. आणि एकत्र कुटुंबांत दिवसा शांतता मिळणें केवढें दुर्मिळ, हें वाचकांस सांगावयास नको. आजोबांनीं पूजेच्या वेळीं घंटा वाजविणें त्या दिवसांपुरतें सोडलें. धाकट्या जावेनें सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. तिनें तो नेहमीं हंसतमुखानें केला असें नाहीं, पण केला. धाकटा मुलगा एक वर्ष अभ्यासांत मागें पडला. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला सूनबाई परीक्षेमुळें फक्त अक्षता टाकण्यापुरती जाऊं शकली. हा सर्व जमाखर्च मांडल्यावांचून अशा हकीकती सांगूं नयेत.

सोंवळ्याचा प्रश्न मात्र अगदीं अनपेक्षित रीतीनें सुटला. सुनेनें रुग्णालयांतील हात धुण्याची रीत घरांत सर्वांना दाखविली: तळवे, बोटांच्या बेचक्या, आंगठा, नखांची टोकें, साबण लावून चाळीस ते साठ सेकंद. घरीं येतांच कपडे निराळे, स्नान, मग स्वयंपाकघर. आजोबांनीं आठवडाभर तें पाहिलें आणि मला म्हणाले, "मास्तर, आमचें सोंवळें हिच्यापुढें ओवळें ठरेल." चरकानें 'शौच' हा गुण परिचारकाच्या यादींत घातला, तो उगीच नव्हे. व्हिएन्ना येथें १८४७ सालीं सेमेलवाइस या डॉक्टरानें प्रसूतिगृहांतील डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यानें हात धुवावयास लावतांच बाळंतरोगानें मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्यानें उतरली. पण त्याच्या बरोबरीच्या विद्वानांना तें पुष्कळ वर्षें पटलें नाहीं. स्पर्शानें दोष लागतो हें आपल्या पूर्वजांनीं मानलें. तो दोष जातीला चिकटत नसून हाताला चिकटतो आणि साबणानें जातो, हें आपणांस शास्त्रानें शिकविलें.

ती सूनबाई आज एका रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या स्त्री-विभागांत काम करते. पहिला पगार बेताचाच होता; या क्षेत्रांत, विशेषतः लहान खासगी रुग्णालयांत, कष्टांच्या मानानें वेतन कमी मिळतें, ही गोष्ट लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

ज्यांच्या घरीं असा विचार चालला असेल त्यांच्यासाठीं व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. आपल्या देशांत या विद्येच्या मुख्य पायऱ्या तीन. सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे 'एएनएम', हा दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा 'जीएनएम' हा तीन वर्षांचा, आणि 'बी.एस्सी. नर्सिंग' ही चार वर्षांची पदवी. पदवीसाठीं बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. 'जीएनएम'ला कला शाखेचीही बारावी चालते. प्रवेशाचें किमान वय सतरा, आणि 'जीएनएम'साठीं कमाल वय पस्तीस ठेविलेलें आहे. मात्र आधीं 'एएनएम' झालेल्या स्त्रीला पुढील पायरीवर जातांना ही वरची अट आड येत नाहीं. म्हणून तिशी ओलांडलेल्या स्त्रीनें 'पुढच्या वर्षीं पाहूं' असें म्हणत बसूं नये. १९४७ च्या परिचर्या-परिषद कायद्याच्या जागीं संसदेनें २०२३ सालीं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला असल्यामुळें नियम बदलण्याचा संभव आहे. अर्ज भरण्यापूर्वीं त्या वर्षाचें नियमपत्रक वाचावें, आणि संस्थेला मान्यता आहे कीं नाहीं याची खात्री पैसे भरण्याआधीं करावी. अभ्यासक्रम संपल्यावर राज्याच्या परिषदेंत नांव नोंदविल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करतां येत नाहीं.

पश्चिमेकडे हा दरवाजा अधिक उघडा आहे. विलायतेंत परिचर्येच्या पदवीला वरची वयोमर्यादा नाहीं. अमेरिकेंत दुसऱ्या विषयाची पदवी घेतलेल्यांसाठीं अकरा ते अठरा महिन्यांचे वेगवान अभ्यासक्रम चालतात, आणि त्यांत शिक्षक, कारकून, व्यापारी असे चाळिशीचे स्त्रीपुरुष बसलेले दिसतात. पुरुष म्हटलें तेंही मुद्दाम. चरकाचा परिचारक हा शब्द पुल्लिंगी आहे. हें काम केवळ बायकांचें, ही कल्पना मागाहूनची आहे.

वयानें वाढलेल्या विद्यार्थ्याला काय जड जातें, हें एक शिक्षक म्हणून मी सांगूं शकतों. पाठांतर मंदावतें, पण समजून धरलेली गोष्ट घट्ट राहते. म्हणून शरीररचनेचीं नांवें घोकण्यापेक्षां तीं चित्र काढून, धातु-प्रत्ययांसारखीं फोडून शिकावीं. औषध देतांना योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पांच गोष्टी तपासावयाच्या असतात. ज्या बाईनें वीस माणसांचा स्वयंपाक मिठाच्या चुकीशिवाय केला, तिला ही शिस्त परकी नाहीं. सर्वांत कठीण म्हणजे आपल्याहून लहान वयाच्या व्यक्तीकडून चूक ऐकून घेणें. येथें पुनः त्या जुन्या शब्दाचा मूळ अर्थ उपयोगी पडतो: ऐकण्याची इच्छा. ती असली तर वय आडवें येत नाहीं. ती नसली तर विसावें वर्षही उपयोगाचें नाहीं.

२०२० सालच्या कोरोनाच्या साथींत आपण सर्वांनीं एक गोष्ट अनुभवली. ज्या दारापाशीं पोटच्या मुलालाही थांबावें लागलें, त्या दारांतून परिचारिका आंत जात होती. तिचें मोल आपण तेव्हां टाळ्या वाजवून मान्य केलें. टाळ्या वाजविणें सोपें होतें. आपल्या घरांतील एखादी तिशी-पस्तिशीची सून किंवा लेक "मला हें शिकावयाचें आहे" असें म्हणेल, तेव्हां तिच्या मुलांच्या डब्याची, शाळेची आणि दिवसाच्या झोपेची सोय लावून देणें हें त्याहून कठीण आहे. आणि एकत्र कुटुंबाला तें एकट्या संसारापेक्षां खचित अधिक साधण्यासारखें आहे. सुज्ञ वाचकांनीं आपापल्या घरीं याचा विचार करावा, आणि शक्य तर त्या बाईचें म्हणणें आधीं पूर्ण ऐकून घ्यावें, एवढीच विनंती.